वास येतो का?

रेखाच्या नाकाचा मला हेवा वाटायचा. ते काही फार देखणं नाही, आणि नथ तर ती घालतच नाही. पण त्या नाकाला वास समजायचा, एवढंच माझ्यासाठी पुरेसं होतं. रेखा माझी धाकटी जाऊ. ती कढईपाशी बसून धण्यांचा वास घ्यायची आणि मी चार पावलांवर नुसती तिचं तोंड पाहत बसायची.

सायनसच्या दुखण्याबद्दल लिहून काढ, असं मला दवाखान्यात भेटलेल्या एका मैत्रिणीनं सुचवलं. दुसऱ्यांना धीर येईल म्हणाली. धीराचं मला माहीत नाही. या दुखण्यात डोकं ठणकतं, नाक चोंदतं, झोप लागत नाही, हे सगळेच सांगतात. बाई किती जळकुकडी होते, हे कोणी सांगत नाही. म्हणून तेच आधी सांगितलं.

*

शेलूबाजारला हायवेला लागून आमची मिरची-मसाला कांडपाची गिरणी आहे. मशीन आमचे हे पाहतात आणि मसाला भाजायचं काम माझं. बाया घरून मिरच्या, धणे, खोबरं, दगडफूल पिशव्यांत बांधून आणतात, आम्ही भाजून कुटून देतो. उन्हाळा लागला की ओट्यावर पाय ठेवायला जागा नसते.

भाजायला घड्याळ कामाचं नाही. धणे कधी उतरवायचे, खोबरं कुठं थांबवायचं, हे नाक सांगतं. वीस-बावीस वर्षं माझं नाक सांगत होतं. मंगरूळपीरच्या, पार इंझोरीकडच्या बाया 'प्रमिलाबाईच्या हातचं' म्हणून यायच्या. मला त्याचा गर्व होता, आणि तो मी लपवतही नव्हते.

सर्दी मला कायमचीच होती. मिरचीच्या धंद्यात नाक वाहणार नाही तर काय, असं आम्ही धरून चाललो होतो. बाम चोळायचा, वाफ घ्यायची, कपाळाला फडकं आवळून कामाला लागायचं. गाल जड व्हायचे, खाली वाकलं की डोळ्यांच्या मागून कोणी दाबतंय असं वाटायचं. या सगळ्यात वास कधी गेला ते मला कळलंच नाही. दुखणारी गोष्ट लगेच कळते, नसलेली गोष्ट कळायला वेळ लागतो.

कळलं ते असं. एका लग्नघरचे धणे कढईत होते. मी सराट्यानं धणे हलवत होते आणि ओट्यावरच्या बाईशी बोलत होते. तेवढ्यात रेखा आतून पळत आली.

"जाऊबाई, धने जळून राह्यले ना! तुमाले समजलं नाई काय?"

खाली पाहिलं तर धणे काळे पडलेले. धूर सरळ माझ्या तोंडावर येत होता आणि मला त्याचा पत्ता नव्हता. रेखानं माझ्या हातातून सराटा घेतला. ओढला नाही, नीटच घेतला. पण घेतला.

लग्नघरची माफी मागून झाली, नवे धणे भाजून झाले. संध्याकाळी हे म्हणाले, "आता तू ओट्यावर बसत जाय, गिऱ्हाईक पाह्य. भाजाचं रेखा पाहीन." मी विचारलं, "किती दिवस?" ते मशीनचा पट्टा पुसत राहिले.

*

अकोल्याच्या डॉक्टरांनी माझ्या डोक्याचा फोटो उजेडावर धरला. तरुण डॉक्टर, बोलणं पुण्याकडचं. म्हणाले, "इथं हवा असते, हे काळं दिसायला हवं. तुमचं बघा, सगळं पांढुरकं आहे." नाकात मांसाचे फुगे झाले होते, द्राक्षाच्या मण्यांसारखे. त्यामागे जुना पू साचलेला. दुर्बिणीनं ऑपरेशन करायचं ठरलं.

यांनी विचारलं, "कॅन्सर तं नाई ना जी?" डॉक्टर नाही म्हणाले. यांचा जीव भांड्यात पडला. माझा पडला नाही. मी विचारलं, "मले वास समजन काय पुना?"

"समजेल बहुतेक. वेळ लागेल. खात्री नाही देत."

परतताना एसटीत पुढच्या सीटवरची बाई डिझेलच्या वासानं हैराण झाली होती. नाकाला पदर लावून, 'बापा, काय वास मारते' म्हणत होती. मला त्या बाईचासुद्धा हेवा वाटला. तिला मळमळत होतं आणि मी मनात म्हणत होते, काय नशीब काढलंय बाईनं.

*

ऑपरेशनचं फार सांगत नाही. नाकात बोळे भरलेले, तोंडानं श्वास, घशाला कोरड. ते बोळे काढतात तेव्हा डोळ्यांपुढं काजवे चमकतात, पण मिनिटभरच. सकाळी सिस्टर यायची, ताप पाहायची, मग फरशी पुसणारी मावशी. दोन दिवसांनी याच क्रमाची सवय होते.

शेजारच्या खाटेवर कारंज्याची एक बाई होती. माझं आणि तिचं ऑपरेशन एकाच दिवशी, एकाच डॉक्टरांच्या हातचं. हीच ती लिही म्हणणारी मैत्रीण. घरी गेल्यावर बाराव्या दिवशी तिचा फोन आला. "प्रमिलाताई, आज मले फिनाईलचा वास समजला वं! मी त्या बाटलीपाशीच बसून राह्यली." मी म्हटलं, "वा, मस्त झालं." फोन ठेवला आणि आमच्या मोरीतली फिनाईलची बाटली उघडून नाकाला लावली. पाण्यासारखी. त्यानंतर मी तिचे दोन फोन उचलले नाहीत. ती हे वाचेल. वाचू दे.

डॉक्टरांनी निघताना सांगितलं होतं, दर वेळी अकोल्याला यायची गरज नाही. दिवसातून दोनदा मिठाच्या पाण्यानं नाक धुवा, स्प्रे मारा, आणि महिन्यातून एकदा व्हिडिओ कॉलवर दाखवा. शेलूबाजारहून अकोल्याची एसटी, तशीच परतीला, वर पूर्ण दिवस गिरणी बंद. त्यापेक्षा फोन किती सोयीचा. फक्त फोन रेखाचा होता. आमच्या घरात व्हिडिओ चालेल असा तो एकच. म्हणजे माझा मसालाही तिच्या हातात आणि माझा डॉक्टरही.

*

रेखा भाजायला बसली की दर कढईला मला विचारायची. धणे चटचट वाजायला लागले की मान वळवून, "जाऊबाई, काढू काय?"

मला ते टोचायचं. जिला काही समजत नाही तिला विचारायचं? एकदा मी फटकारलंच, "मले कायले विचारतं? माह्या नाकाचं तुले माहीत नाई काय?" दुसऱ्या कढईला पुन्हा, "जाऊबाई, काढू काय?" मला वाटलं, ही मुद्दाम करते. चार बायांसमोर दाखवून देते की बघा, हिला सांगता येत नाही.

आणि बाया तरी कशा. उन्हाळा भरात आला तशा त्या चिमूटभर मसाला तळहातावर घेऊन हुंगायच्या, डोळे मिटायच्या आणि म्हणायच्या, "रेखाच्या हाताले चव हाये हं." माझ्यासमोर. माझ्याच ओट्यावर. मी पिशव्यांवर नावं लिहीत बसायची, आणि पेन असं दाबायची की कागद फाटायचा.

पहिल्या कॉलच्या आदल्या दिवशी रेखा मोरीपाशी घुटमळत होती. मी नाक धुऊन उठले तशी जवळ आली.

"जाऊबाई, एक सांगू काय? रागवू नोका."

"सांग."

"तुमच्या नाकातोंडाचा वास येते. लय येते. भासऱ्यायनं आपली खाट ओसरीत नेली ना, ते गरमीनं नाई."

तिचे भासरे म्हणजे आमचे हे. मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. स्वतःचाच वास मला समजत नव्हता. तो तिला समजत होता, यांना समजत होता, ओट्यावरच्या बायांनाही समजत असणार. म्हणजे तिच्या नाकानं माझं कामही घेतलं, आणि माझी अब्रूही तिच्याच नाकाखाली. मी तिला एवढंच म्हणाले, "बरं." दिवसभर तोंडात लवंग धरून बसले.

*

कॉल गिरणीच्या ओट्यावरच लावायचो, कारण घरात रेंज धरत नाही. रेखानं फोन माझ्या तोंडासमोर धरला. डॉक्टर दिसायचे, गोठायचे, पुन्हा हलायचे. डोकं दुखतं का, नाही. रक्त येतं का, नाही. मग त्यांनी विचारलं,

"वास येतो का?"

आता इथं थोडं थांबून सांगायला हवं. आमच्याकडे नाकाला वास 'समजते'. वास 'येते' म्हटलं की तो माणसाचा, मोरीचा, नाहीतर नासलेल्या वरणाचा. आणि आदल्याच दिवशी रेखानं मला ऐकवलेलं. मी चोरट्या नजरेनं तिच्याकडे पाहिलं. हिनंच डॉक्टरांना कळवलं की काय, असंही मनात येऊन गेलं. खोटं कसं बोलणार, साक्षीदार फोन धरून उभी. मान खाली घालून म्हटलं,

"येते जी."

"वा, छान! इतक्या लवकर? थोडा येतो की चांगला येतो?"

"चांगला येते. सकाळून जास्त."

"फारच छान. वाढेल अजून. काळजी करू नका." त्यांनी गोळ्या बंद केल्या, नाक धुणं दिवसातून एकदा केलं आणि हसून निरोप घेतला.

मी सुन्न. वाढेल अजून? आणि छान? रेखा म्हणाली, "असे काहून बोलले जी डॉक्टर?" मी म्हटलं, "ऑपरेशननंतर होत असन तसं." शिकलेला माणूस, एवढी मोठी मशीन लावून माझ्या डोक्यात पाहिलेला. त्याला उलट कोण विचारणार? लाजेची गोष्ट पुन्हा उकरायची माझी तयारीच नव्हती.

महिनाभरानं दुसरा कॉल. "वास वाढला का?" "वाढला जी." "उत्तम!" स्प्रे अर्धा केला. या वेळी कॉल संपल्यावर मी मोरीत जाऊन रडले. एवढं वाटत होतं की माझ्या घाणीवर तो डॉक्टर तिकडे खूष होतोय, आणि इकडे माझी जाऊ सगळं ऐकतेय.

नंतरचे दिवस वाईट गेले. कपाळाचा ठणका परत आला. गाल दाबला की दुखायचा, घशात घट्ट काहीतरी उतरायचं. अन्न नुसतं गरम किंवा गार लागायचं. यांच्यावर मी उगाच ओरडायची आणि ते उठून मशीनपाशी जायचे. एकदा म्हणाले, "तुले बरं व्हाचं हाये का भांडाचं हाये?" मी म्हटलं, "दोनी." खरं म्हणजे मला भीती वाटत होती की वास आता यायचाच नाही, कढई गेली ती गेलीच, आणि उरलेला जन्म मी रेखाच्या मसाल्याच्या पिशव्यांवर दुसऱ्यांची नावं लिहीत काढणार. ही भीती मी कोणाला सांगितली नाही. सांगायला जवळ होती ती रेखाच.

*

तिसरा कॉल भर गर्दीत आला. ओट्यावर चार-पाच बाया, मशीन नुकतंच थांबवलेलं. रेखानं कढई उतरवून फोन धरला.

डॉक्टर म्हणाले, "काय म्हणता ताई? वास कसा आहे आता?"

मी पुटपुटले, "लय वाढला जी."

"उत्तम! मग आता स्प्रेसुद्धा बंद करून—"

रेखानं फोन गर्रकन स्वतःकडे फिरवला.

"थांबा जी डॉक्टरसाहेब! उत्तम काहून म्हणून राह्यले तुमी? त्यायले वास नाई येत. त्यायचा वास येते!"

डॉक्टरांचा चेहरा गोठला. मला वाटलं रेंज गेली. रेंज गेली नव्हती. त्यांनी चष्मा काढला, कपाळाला हात लावला आणि हळूच विचारलं, "म्हणजे... पहिल्यापासून?"

"पयल्यापासून. त्या येते म्हणत आन तुमी छान म्हणत."

ओट्यावर एक बाई फिस्सकन हसली. मग दुसरी. माझ्या कानशिलांतून वाफा निघत होत्या. उद्याच अकोल्याला या, असं डॉक्टर सांगत होते आणि मी रेखाकडे अशी पाहत होते की तिनं फोनच्या मागे तोंड लपवलं असतं तर बरं झालं असतं. त्या दिवशी मी तिच्याशी एक शब्द बोलले नाही. तिनं वाढलेलं जेवलेही नाही. जेवले असते तरी चव कुठं समजणार होती.

अकोल्यात डॉक्टरांनी दुर्बीण घातली, आतला घट्ट पू काढला, नवीन औषधं दिली, सगळं धुणं-फवारणं पुन्हा पहिल्यासारखं सुरू केलं. म्हणाले, "चूक माझी आहे. वास तुम्हाला येतो की तुमचा येतो, हे मी विचारायला हवं होतं. आणखी दोन महिने असंच गेलं असतं तर पुन्हा ऑपरेशन करावं लागलं असतं." मग विचारलं, "फोन धरला होता त्या कोण?"

"जाऊ हाये माही," मी म्हटलं.

"त्यांना सांगा, थँक्यू."

मी तो निरोप पोचवला नाही. यांनी पोचवला.

लोकांना उपयोगाचं म्हणून एक सांगते. व्हिडिओवर डॉक्टरला दाखवत असाल तर शेजारी असं माणूस बसवा जे तुमची लाज राखणार नाही. माझ्याकडे ते आयतं होतं, आणि त्यासाठी मी तिला चार दिवस बोलले नव्हते.

*

मला पहिला वास समजला तो मशीनच्या तापलेल्या पट्ट्याचा. रबराचा, उग्र, घाणेरडा. दुपारची वेळ होती. मी पिशवीवर नाव लिहिता लिहिता थांबले. पुन्हा श्वास घेतला. होता. डोळे भरून आले आणि मी कोणालाच काही सांगितलं नाही.

सांगितलं नाही, कारण मला आधी एक काम उरकायचं होतं. रेखा पाण्याला गेली तेव्हा मी तिच्या मसाल्याचा डबा उघडला. मला त्यात खोट काढायची होती. धणे कच्चे असतील, खोबरं करपलेलं असेल, काहीतरी असेलच. वर्षभर ऐकलेल्या 'रेखाच्या हाताले चव हाये' याला उत्तर द्यायचं होतं. त्या दिवशी अर्धंमुर्धं समजलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा हुंगलं, तिसऱ्या दिवशी आणखी. वास रोज थोडा थोडा उघडत गेला आणि माझं तोंड तसतसं मिटत गेलं. माझ्या मसाल्यात दगडफूल जरा पुढं पुढं करायचं, हे मला तिच्या मसाल्याचा वास घेतल्यावर कळलं. त्यात कोणीच पुढं पुढं करत नव्हतं. डबा लावला आणि ओट्यावर येऊन बसले.

त्याच दिवशी कॉल होता. रेखानं फोन धरला. डॉक्टर आता शहाणे झाले होते. "ताई, तुम्हाला वास समजतो का? समजतो का, असं विचारतोय हं."

"समजते जी. तीन दिवस झाले."

फोन हलला. डॉक्टर म्हणाले, "अरे वा! कशाचा?"

मी रेखाकडे पाहिलं नाही. "जावेच्या मसाल्याचा. माह्यापेक्षा चांगला हाये तो."

"वा, छान!" डॉक्टर म्हणाले. या वेळी त्यांचं छान बरोबर होतं, आणि या वेळीही ते मला झोंबलं.

कॉल संपला. रेखानं फोन पुसला, ठेवला. "तीन दिवस काहून नाई सांगतलं?"

"तुह्या मसाल्यात खोट पाहून राह्यली होती."

"सापडली?"

"नाई."

ती कढईपाशी जाऊन बसली. धणे टाकले. मी ओट्यावर तशीच पिशव्यांकडे पाहत बसले. थोड्या वेळानं वास आला. आधी हिरवट, मग गोडसर, मग तो खमंग, भरलेला, ज्यासाठी मी वर्षभर झुरले होते. आतून रोजची हाक आली, "जाऊबाई, काढू काय?"

धणे झाले होते. मला समजलं होतं. पण तो वास मला आणखी थोडा हवा होता. म्हटलं, "थांब जरासं."

"थांबू कायले? झाले ना," रेखा म्हणाली, आणि कढई उतरवलीसुद्धा.

अगदी वेळेवर उतरवली. तिला ते कळत होतं. आज कळत होतं, काल कळत होतं, पहिल्या कढईपासून कळत होतं. विचारायची तिला एकदाही गरज नव्हती. तरी दर कढईला तिनं मलाच विचारलं होतं, मी फटकारल्यावरसुद्धा.

मला पुन्हा तिचा हेवा वाटला. या वेळी नाकाचा नाही.